पार्सल लॉकरचे स्थलांतर : क्रम, काळजी आणि कायदा

रेल्वे स्थानकाबाहेर, पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा किराणा दुकानाच्या भिंतीलगत उभे असलेले लांबलचक पोलादी कपाट, त्यावर लहानमोठ्या आकाराची बंद दारे आणि मधोमध एक पडदा, हे दृश्य युरोपातील अनेक शहरांत आता नित्याचे झाले आहे. ग्राहक घरी नसला तरी कुरिअरचा माणूस त्याचे पार्सल या कपाटातील एका खणात ठेवून जातो. ग्राहकाच्या मोबाइलवर संकेतांक येतो आणि तो सवडीने, प्रसंगी अपरात्रीही, खण उघडून आपली वस्तू घेऊन जातो. या यंत्राला पार्सल लॉकर म्हणतात. एकदा बसविलेला लॉकर कायम तेथेच राहणार, अशी पाहणाऱ्याची समजूत असते. प्रत्यक्षात मात्र जागेचा करार संपतो, इमारतीची दुरुस्ती निघते, रस्त्याचे काम सुरू होते किंवा शेजारी तक्रार करतात आणि उभा लॉकर हलविण्याची वेळ येते.

वरकरणी हे काम अवजड कपाट एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेण्याइतके सोपे वाटते. परंतु कपाटाच्या बंद खणांत कोणाची औषधे असतात, कोणाची कागदपत्रे असतात, तर कोणी दुकानाला परत पाठविण्यासाठी ठेवलेली वस्तू असते. आणखी काही पार्सले त्याच लॉकरचा पत्ता लावून वाटेत असतात. म्हणूनच लॉकरचे स्थलांतर हे हमालीपेक्षा वेळापत्रकाचे काम आहे. आधी पत्ता बंद करावयाचा, मग खण रिकामे करावयाचे, त्यानंतर वीज तोडावयाची आणि सर्वांत शेवटी बोल्टला पाना लावावयाचा. हा क्रम उलटला की त्याचा भुर्दंड, स्थलांतराची कल्पनाही नसलेल्या ग्राहकाला बसतो.

पार्श्वभूमी

जर्मनीच्या टपाल कंपनीने २००१ मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ या दोन शहरांत ‘पॅकस्टेशन’ या नावाने असे लॉकर प्रायोगिक तत्त्वावर उभारले. त्यांची यंत्रणा ऑस्ट्रियातील लिंत्स येथील केबा या कंपनीची होती. पोलंडमध्ये इनपोस्ट कंपनीने २००९ मध्ये ‘पाच्कोमात’ सुरू केले, तर ॲमेझॉनने २०११ मध्ये सिॲटल, न्यूयॉर्क व लंडन येथून आपल्या लॉकरचा प्रारंभ केला. २०२३ पर्यंत जर्मनीतील पॅकस्टेशनांची संख्या १२ हजारांच्या आणि पोलंडमधील पाच्कोमातांची संख्या २० हजारांच्या पुढे गेली. एवढ्या विस्ताराच्या जाळ्यात काही यंत्रांची जागा बदलत राहणे अपरिहार्य असते.

लॉकर चालविणारी कंपनी बहुधा जागेची मालक नसते, हे यामागील मुख्य कारण होय. यंत्र तिचे असते. जमीन मात्र दुकानाची, रेल्वेची, नगरपालिकेची किंवा निवासी वसाहतीची असते. अमेरिकेत स्टेपल्स आणि रेडिओशॅक या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी आपल्या दुकानांतील ॲमेझॉनचे लॉकर काढून टाकण्याचा निर्णय घेतल्याचे सप्टेंबर २०१३ मध्ये उघड झाले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे समोर आली. यंत्रे सुस्थितीत असली तरी जागा देणाऱ्याचे मन बदलले की लॉकरला मुक्काम हलवावा लागतो.

चीनमधील २०२० चा प्रसंगही बोलका आहे. हाइव्ह बॉक्स या कंपनीने ३० एप्रिल २०२० पासून १२ तासांहून अधिक काळ खणात राहिलेल्या पार्सलांवर शुल्क लावले. दर १२ तासांस अर्धा युआन आणि जास्तीत जास्त ३ युआन, असा हा दर होता. रक्कम किरकोळ होती. पण हांगझोऊमधील एका मोठ्या वसाहतीने आपल्या आवारातील लॉकरचा वापरच थांबविला आणि शांघायमधील वसाहतींनीही निषेधाचा सूर लावला. अखेर १५ मे रोजी कंपनीने विनाशुल्क मुदत १८ तासांपर्यंत वाढविली. आवारातील रहिवासी हाच लॉकरचा खरा यजमान असतो, हे या वादातून दिसून आले.

यंत्राची रचना

स्थलांतरातील अडचणी समजण्यासाठी लॉकरची घडण जाणून घेणे आवश्यक आहे. बाहेरून एकसंध दिसणारे हे कपाट वास्तविक अनेक उभ्या स्तंभांचे बनलेले असते. त्यांपैकी एक मुख्य स्तंभ. त्यात पडदा, बारकोड वाचणारे उपकरण, छोटा संगणक, वीजपुरवठ्याचा संच आणि मोबाइल जाळ्याशी जोडणारा मोडेम असतो. बाकीचे स्तंभ केवळ खणांचे असून ते एकमेकांना बोल्टने आणि आतून तारांनी जोडलेले असतात. प्रत्येक दाराचे विजेवर चालणारे कुलूप स्तंभातील नियंत्रक पट्टीला आणि ती पट्टी मुख्य संगणकाला जोडलेली असते.

खणांचे आकार ठरलेले असतात. पोलंडमधील पाच्कोमातात ३८ सेंटिमीटर रुंद व ६४ सेंटिमीटर खोल असे खण असून त्यांची उंची ८, १९ आणि ४१ सेंटिमीटर अशी तीन प्रकारची असते. एका पार्सलाचे वजन २५ किलोपर्यंत चालते. दुकान, कुरिअर आणि ग्राहक या सर्वांचा व्यवहार याच मापांवर चालतो. त्यामुळे नव्या जागेत दोन स्तंभ मावत नाहीत म्हणून ते वगळले, तर कपाट लहान होतेच. शिवाय मोठ्या आकाराची पार्सले तेथे पाठविण्याची सोयही कमी होते.

पत्ता दोन प्रकारचा

लॉकरला दोन पत्ते असतात. एक पार्सलावर लिहिला जातो आणि दुसरा माणसांच्या पायांना ठाऊक असतो. स्थलांतरात या दोहोंचा विचार करावा लागतो.

जर्मनीत पॅकस्टेशनकडे पार्सल मागविताना रस्त्याचे नाव लिहावे लागत नाही. ग्राहकाचे नाव, त्याला मिळालेला टपाल क्रमांक, पॅकस्टेशनचा क्रमांक, पिनकोड आणि शहर एवढ्यावर पार्सल पोहोचते. म्हणजेच यंत्राचा क्रमांक हाच पत्ता असतो. यंत्र त्याच पिनकोडच्या हद्दीत हलले आणि क्रमांक कायम राहिला, तर पार्सलावरील पत्ता अबाधित राहतो; पण ग्राहक सवयीने जुन्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. क्रमांक बदलला तर उलटी अडचण उद्भवते. ग्राहकाने ऑनलाइन दुकानांत जुना पत्ता जपून ठेवलेला असतो आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तोच आपोआप छापला जातो. पोलंडमध्ये यंत्राच्या संकेतांकाची सुरुवात शहराच्या नावातील अक्षरांनी होते. त्यामुळे एका शहरातील यंत्र दुसऱ्या शहरात नेल्यास त्याला नवा संकेतांक देणे भागच पडते.

लॉकर कंपनीच्या नकाशावरील खूण बदलणे हे सोपे काम आहे. मात्र लॉकरची यादी अनेक दुकानांच्या संकेतस्थळांवर आणि कुरिअरच्या यंत्रणांतही पोहोचलेली असते. तेथील जुनी नोंद नाहीशी होईपर्यंत नवी पार्सले जुन्या ठिकाणासाठी नोंदविली जाण्याचा धोका असतो. म्हणून नोंदणी बंद करण्याची सूचना प्रत्यक्ष कामाच्या पुरेशी आधी द्यावी लागते.

रिकामे करण्याचे गणित

लॉकर रिकामा होण्यास किती वेळ लागेल, हे पार्सल ठेवण्याच्या मुदतीवर ठरते. पोलंडच्या पाच्कोमातात ग्राहकाला साधारण ४८ तास मिळतात, ॲमेझॉनच्या लॉकरमध्ये तीन दिवस, तर जर्मनीच्या पॅकस्टेशनमध्ये सुमारे आठवडाभर. शेवटचे पार्सल सोमवारी दुपारी ठेवले असेल, तर पहिल्या ठिकाणी बुधवारी दुपारपर्यंत खण मोकळे होतील. तिसऱ्या ठिकाणी मात्र पुढच्या सोमवारपर्यंत थांबावे लागेल. ‘उद्या सकाळी जागा मोकळी करून द्या’ असे जागामालकाने सांगितल्यास ते नीट पाळता येत नाही, याचे कारण हेच. जागेच्या करारातच सूचनेची मुदत स्पष्ट लिहिणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

यात आणखी एक बाब अनेकदा नजरेआड होते. लॉकर हा दुतर्फा चालणारा मार्ग आहे. ग्राहक त्यात पार्सले पाठविण्यासाठीही ठेवतात. येणारी पार्सले थांबविली, पण पाठविण्याची सोय सुरूच राहिली, तर रिकामे झालेले खण पुन्हा भरू लागतात. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी बंद करून कुरिअरची अखेरची फेरी ठरवावी लागते. वाटेत असलेली पार्सले जवळच्या दुसऱ्या लॉकरकडे किंवा दुकानातील केंद्राकडे वळविली जातात आणि तसा संदेश ग्राहकाला पाठविला जातो. मुदत संपूनही न नेलेली पार्सले नोंद करून बाहेर काढली जातात. ही नोंद दोन व्यक्तींनी समक्ष करणे हिताचे असते, कारण पुढे वस्तू गहाळ झाल्याची तक्रार आल्यास तोच एकमेव आधार उरतो.

सर्व पार्सले गेल्याचे संगणक सांगत असला, तरी प्रत्येक दार उघडून डोळ्यांनी पाहणे आवश्यक असते. खोल खणाच्या तळाशी पातळ पाकीट चिकटून राहू शकते.

वीज आणि संपर्क

बहुतेक लॉकरची कुलपे वीज गेली तरी बंदच राहतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना योग्य आहे. परंतु खण रिकामे होण्यापूर्वीच वीज तोडली, तर आतील वस्तू आतच अडकतात आणि आपत्कालीन किल्लीने किंवा तंत्रज्ञाकडून एकेक दार उघडून घ्यावे लागते. ज्या यंत्रांत पर्यायी बॅटरी असते, तेथे मुख्य पुरवठा बंद केल्यावरही आतील भाग काही काळ सजीव राहतो. त्यामुळे आधी संगणक रीतसर बंद करणे, मग मुख्य पुरवठा तोडणे आणि शेवटी बॅटरी अलग करणे, हा क्रम पाळला जातो. तारा जोडण्या-तोडण्याचे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावयाचे असते.

नव्या जागेत स्वतंत्र सर्किट, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि अर्थिंग आहे किंवा नाही, हे यंत्र हलविण्यापूर्वीच पाहावे लागते. मोबाइल संपर्काचेही तसेच. उघड्यावर उत्तम चालणारे यंत्र तळघरातील वाहनतळात नेले की काँक्रीटच्या छताखाली त्याचा सर्व्हरशी संपर्क तुटू शकतो. तेथे बाहेरच्या बाजूस अँटेना लावण्याची किंवा इंटरनेटची तार ओढण्याची तयारी ठेवावी लागते. ही तपासणी ज्या जागी यंत्र बसणार आहे, नेमकी तेथेच करावयाची असते. दहा पावलांवर चांगला संपर्क मिळतो, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

सुटे करणे आणि पुन्हा उभारणे

लॉकर उंच, उथळ आणि जड असतो. शिवाय त्याची सर्व दारे एकाच बाजूला उघडतात. त्यामुळे तो पुढे कलंडण्याचा धोका असतो आणि म्हणूनच त्याला जमिनीशी किंवा भिंतीशी जखडलेले असते. काढताना आधी बोल्ट सोडून मग आधार शोधणे धोक्याचे ठरते. प्रत्येक स्तंभ आधी पट्ट्याने बांधून धरला जातो, नंतर शेजारच्या स्तंभापासून सोडविला जातो आणि अखेरीस तळाचे बोल्ट काढले जातात. दारे बंद करून चिकटपट्टीने पक्की केली जातात. स्तंभांना आणि तारांच्या दोन्ही टोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून, सुटे करण्याआधीच सर्व जोडण्यांची छायाचित्रे घेतली जातात. वाहतूक शक्यतो उभ्या स्थितीत होते. आडवे ठेवल्यास सांगाडा पिळवटण्याची आणि बिजागऱ्यांवर ताण येण्याची शक्यता असते.

नव्या जागेचा पाया सपाट व भक्कम असावा लागतो. फरसबंदीच्या सुट्या ठोकळ्यांत ठोकलेला बोल्ट केवळ ठोकळ्याला धरून ठेवतो, कपाटाला नव्हे. त्यासाठी काँक्रीटचा चौथरा किंवा पुरेशा वजनाच्या तयार काँक्रीट लाद्या लागतात. पाणसळ लावून तळ समपातळीत आणणे हे किचकट काम येथे निर्णायक ठरते. सांगाडा थोडासा जरी तिरका बसला, तरी दारे घासू लागतात, कुलपाची जीभ खाचेत नीट बसत नाही आणि दार उघडे असल्याचा चुकीचा संदेश संगणकाकडे जातो. नव्याने बसविलेल्या लॉकरमध्ये असा बिघाड दिसल्यास कुलूप बदलण्याआधी पातळी तपासावी.

जुन्या जागेचे कामही याच टप्प्यात पुरे करावयाचे असते. जमिनीतून वर आलेले बोल्टचे तुकडे कापून टाकणे, छिद्रे बुजविणे आणि विजेची उघडी तार सुरक्षितपणे बंद करणे या गोष्टी राहून गेल्या, तर पादचाऱ्याला ठेच लागण्यापासून विजेच्या धक्क्यापर्यंत काहीही घडू शकते.

चाचणी कशाची?

यंत्र सुरू झाले आणि पडद्यावर चित्र दिसले म्हणजे काम संपत नाही. जोडणी करताना दोन स्तंभांची अदलाबदल झाली किंवा तारा चुकीच्या क्रमाने लागल्या, तर संगणक एका खणाचा आदेश देतो आणि दुसरेच दार उघडते. अशा वेळी एका ग्राहकासमोर दुसऱ्याची वस्तू येते. म्हणून प्रत्येक खण क्रमाने उघडून, त्यावर लिहिलेला क्रमांक आणि पडद्यावरील क्रमांक जुळतो का, हे पाहिले जाते. दार उघडे, बंद आणि अर्धवट लागलेले या तिन्ही स्थितींची नोंद तपासली जाते. त्यानंतर एक नमुना पार्सल ठेवणे, संदेश येणे, संकेतांकाने ते बाहेर काढणे आणि सर्व्हरवर त्याची नोंद होणे, असे पूर्ण आवर्तन करून पाहिले जाते. या चाचण्या पार पडल्यावरच लॉकर नकाशावर पुन्हा खुला करावा.

परवानग्या

कायद्याची बाजू देशपरत्वे बदलते. पोलंडमध्ये लॉकर ही बांधकाम कायद्याखाली येणारी वास्तू आहे काय, याविषयी बराच काळ वाद होता. २०२० च्या कायदादुरुस्तीने तीन मीटरपर्यंत उंचीच्या अशा यंत्रांना बांधकाम परवाना व पूर्वसूचना या दोन्हींतून मोकळीक दिली. तथापि जागामालकाची संमती, वारसा परिसराचे नियम आणि पदपथावरील रहदारीचे बंधन यांतून अशी सूट आपोआप मिळत नाही. लॉकरवर कॅमेरा असल्यास जागा बदलताच त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येणारी माणसेही बदलतात. कोणाच्या घराचे दार किंवा खिडकी त्यात येत असेल, तर युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांचा विचार करावा लागतो. रात्रीचा प्रकाश, मोटारींच्या दारांचे आवाज आणि वाहने उभी करण्यावरून होणारे वाद ही शेजाऱ्यांची नेहमीची गाऱ्हाणी होत. जागा निश्चित करताना त्यांचा विचार न केल्यास वर्षभरात दुसऱ्या स्थलांतराची वेळ येऊ शकते.

वापरणाऱ्यांचे काय?

तरुण, मोटार बाळगणाऱ्या ग्राहकाला लॉकर अर्धा किलोमीटर पुढे गेला तर फारसे बिघडत नाही. वृद्धांना, अपंगांना आणि तान्हे मूल घेऊन पायी येणाऱ्या आईला तेच अंतर मोठे वाटते. पोलंडमध्ये उंच खणापर्यंत हात न पोहोचणाऱ्यांना खालचा खण मागून घेण्याची सोय आहे; जर्मनीतही सुलभ उंचीचा खण मिळण्याची व्यवस्था आहे. नव्या जागी लॉकर पायरीवर किंवा उंच चौथऱ्यावर बसविला, तर ही सोय कागदावरच राहते. त्यामुळे चाकाच्या खुर्चीला वळण्याइतकी मोकळी जागा, उतार आणि रात्रीचा उजेड या बाबी पाया घालण्यापूर्वीच ठरवाव्या लागतात.

जर्मनीत २०२४ च्या नव्या टपाल कायद्याने विशिष्ट परिस्थितीत, नियामकाच्या संमतीने, टपाल शाखेऐवजी स्वयंचलित केंद्र ग्राह्य धरण्याची वाट मोकळी केली. अशा गावात तेथील यंत्र हलविणे म्हणजे जवळपास टपाल कार्यालय हलविण्यासारखेच आहे.

बॅटरीवरील लॉकर

अलीकडच्या काळात स्थलांतराचा खटाटोप कमी करणारे लॉकरही आले आहेत. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड आणि स्विपबॉक्स यांच्या ‘नेअरबॉक्स’ला पडदा नसतो आणि विजेची जोडणीही लागत नाही. ते बॅटरीवर चालते आणि ग्राहकाच्या मोबाइलशी ब्लूटूथने बोलते. झेक प्रजासत्ताकातील ‘झेड-बॉक्स’ सौरऊर्जेवर चालतो. जर्मनीतही २०२० नंतर पडद्याविना, मोबाइल ॲपवर चालणारी पॅकस्टेशने उभी राहिली. वीजतंत्री, मीटर आणि खोदकाम यांची गरज नसल्याने अशी यंत्रे हलविणे पुष्कळ सुकर होते. परंतु त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना तो सफाईने वापरता येत नाही, त्यांच्यासाठी हे कपाट बंदच राहते. जुना, पडदा असलेला लॉकर काढून त्याऐवजी असा लॉकर बसविला, तर जागा एक इंचही न बदलता काही ग्राहकांपासून सेवा दूर जाते.

भारतातील संदर्भ

भारतात टपाल खात्याने २०२१ मध्ये कोलकाता परिसरात डिजिटल पार्सल लॉकरचा उपक्रम सुरू केला. मुंबई-पुण्याच्या अनेक गृहनिर्माण सोसायट्यांत मात्र पार्सलांचा भार सुरक्षारक्षकाच्या चौकीवरच पडतो. आवारात लॉकर बसविलेल्या किंवा बसवू पाहणाऱ्या सोसायट्यांना युरोपातील अनुभवातून काही गोष्टी घेता येतील. लॉकरची जागा सामाईक असल्याने ती देण्याचा आणि बदलण्याचा निर्णय सभासदांपुढे ठेवावा. विजेचे बिल कोणाच्या माथी, जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यावयाची आणि जुनी जागा पूर्ववत कोणी करावयाची, हे करारात लिहून घ्यावे. जिना, अग्निशामक गाडीचा मार्ग आणि रोहित्राभोवतीची जागा मोकळीच ठेवावी. पावसाळ्यात पाणी साचण्याची पातळी पाहून चौथऱ्याची उंची ठरवावी आणि त्यास उतार जोडावा. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा मारा थेट पडद्यावर व दारांवर येणार नाही, अशा दिशेला यंत्राचे तोंड ठेवावे.

स्थलांतरानंतर जुन्या जागी निदान काही आठवडे ठळक अक्षरांतील फलक असावा. नव्या जागेचा पत्ता, तेथे जाण्याचा मार्ग आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक एवढे त्यावर पुरेसे असते. मोबाइलवरील संदेश कित्येकांच्या वाचनातून सुटतो. सवयीने चालत आलेल्या माणसाला मात्र रिकाम्या भिंतीवरचा फलक हमखास दिसतो.